रात्रभर काठावर

सोमवार, ४ सप्टेंबर
पोचलो एकदाचा! मिस हेस्लपबाईंनी आधी चहा दिला, मग नाव विचारलं. बागेच्या टोकाची शेड मला दिली आहे. खाट, किटली, खिडकीला फुलाफुलांचा पडदा. ताईच्या सोफ्यावर मुटकुळं करून महिनेच्या महिने काढल्यावर हा राजवाडाच म्हणायचा. खिडकीसमोर तळं आहे, पण पाणी दिसतच नाही. वर तिळाएवढ्या पानांचं तरंगतं शेवाळ, इतकं दाट की कोंबडी चालत पलीकडे जाईल. १७ तारखेच्या रविवारी गावातल्या बागा लोकांना बघायला खुल्या होतात. तोवर तळं मोकळं झालं तर शेड आणि काम हिवाळाभर माझं. बाईंनी एकच गोष्ट बजावली: आधीचा माळी सारखा अंथरूण धरायचा, तसलं त्यांना चालणार नाही. मी म्हणालो, मला साधं पडसंही होत नाही.

मंगळवार, ५ सप्टेंबर
आज काम शिकलो. दाताळ्याने शेवाळ हलकेच काठाशी ओढायचं, लांब दांड्याच्या जाळीने उपसायचं. मात्र लगेच खताच्या ढिगावर न्यायचं नाही. रात्रभर काठावर ठेवायचं. त्यात गोगलगायी, अळ्या, पाणकिडे अडकलेले असतात, ते आपले आपण सरपटत पाण्यात परत जातात. मागे उरतो नुसता पाला, तो सकाळी ढिगावर. इथले सगळेच असं करतात. बाई पूर्वी शाळेत शिकवायच्या. त्यांनी हे माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं आणि शाबासकी दिली.
वास मात्र भयंकर, नासक्या अंड्याचा. शेवाळ कोपरापर्यंत चिकटतं. नखांखाली गेलेलं काडीने कोरून काढलं.

बुधवार, ६ सप्टेंबर
काठावरून पाय घसरला आणि तोंडावर आपटलो. घोटभर पाणी पोटात गेलं. कोमट होतं, दाट, आणि घशातून जाताना त्यात काहीतरी वळवळलं. कुंपणापलीकडून शेजारचे गॉडबोल्ड म्हातारे ओरडले, अरे क्लेम, बाईंनी तळं उपसायला सांगितलंय, प्यायला नाही! बाईही हसल्या. मीही हसलो. चूळ भरली, पण चव जात नाही.

शुक्रवार, ८ सप्टेंबर
अर्धं तळं मोकळं झालं. बाई खूश.
दात घासताना फेसात हिरवे ठिपके आले. जिभेवर आणखी होते. बोटाने पुसले, न्याहारीनंतर पुन्हा तितकेच.
आणखी एक. सकाळी काठावरचा पाला उचलायला गेलो, तर गवतावर चिकट माग उमटलेले. पण तळ्याकडे एकही नाही. सगळे उलट्या बाजूला, माझ्या शेडच्या दारापर्यंत. उठलो तेव्हाच उशीवर तीन गोगलगायी होत्या. एक माझ्या गालाच्या खळग्यात चिकटली होती, ती ओढली तेव्हा पचकन आवाज झाला.

रविवार, १० सप्टेंबर
बाईंना सहज बोलतो असं दाखवून विचारलं, की हे जीव कधी वाट चुकतात का. त्या म्हणाल्या, छे रे बाळा, त्यांना पाणी बरोबर कळतं, जवळ जे असेल तिकडे जातात.
दाराची फट चिंध्यांनी बुजवली. अंथरुणात तरीही जळवा होत्या.

मंगळवार, १२ सप्टेंबर
पोट तट्ट फुगलं आहे. चाललो की आत पाणी डचमळतं. सदऱ्यावर स्वेटर चढवला म्हणजे कळत नाही. गॉडबोल्ड म्हणाले, बाईंच्या हातचं पुडिंग मानवलेलं दिसतंय! डॉक्टरकडे जायला हवं. पण गेलो तर बाईंना कळणार, आणि मग पुन्हा ताईचा सोफा. भाऊजींनी दार तरी उघडलं तर. रविवारपर्यंत कळ काढायची.
बादलीत ओकलो. आधी लापशी, मग हिरवं. ते पाण्यावर पसरलं आणि एकमेकांना चिकटत गेलं. वर घट्ट साय धरली. सायीखालून काहीतरी वर ढुशा देत होतं.

गुरुवार, १४ सप्टेंबर
तळं स्वच्छ. तळ दिसतो. बाईंनी टाळ्या वाजवल्या.
डोळ्याच्या कडेला पान फुटलं आहे. पुसलं की पापणीखाली सरकतं. खोकल्यातून अळी आली, जिवंत, बोटाएवढी. थुंकायला गेलो तर ती परत — गिळावी लागली.

शुक्रवार, १५ सप्टेंबर
उठता येईना. पाय ओल्या गवताच्या जुड्यांसारखे. बाई आल्या. लपवायला वेळच मिळाला नाही. मला वाटलं, आता बोचकं बांधायला सांगतील. पण त्या गुडघे टेकून बसल्या, माझं तोंड उघडून आत पाहिलं, आणि हरखल्या. म्हणाल्या, अगं बाई, किती जीव गोळा केलेस रे तू! रागावल्या नाहीत. घालवणारही नाहीत म्हणाल्या.
गॉडबोल्ड आणि त्यांनी मिळून मला काठावर आणून ठेवलं. गवतावर, कुशीवर, तोंड पाण्याकडे. रात्रभर असंच पडून राहायचं, जे आत आहे ते आपलं आपण जाईल. वही-पेन्सिल मागितली, तीही दिली. चांगल्या आहेत बाई.

शनिवार, १६ सप्टेंबर
निघताहेत. तोंडातून, नाकातून. गोगलगायी दातांना अडखळत, पाणकिडे, एक पाण्यातली पाल — शेपूट बराच वेळ ओठावर — सगळी तळ्यात. किळस येते. पण हलकं वाटतं. पोट सपाट. सपाटच नाही, रिकामं, पिशवीसारखं —
उद्या लोक येतील. उठून केस विंचरायला हवेत —

हाक मारली. आवाज नाही. फुसकन वारा, बस.

ढकलगाडी येते आहे. चाक कुरकुरतं आहे. बाई म्हणताहेत, आता आत काही उरलं नसेल, ऊन चढायच्या आत ढिगावर टाकू. गॉडबोल्ड म्हणाले, बाई, हे अजून हलतंय की! बाई म्हणाल्या, वारा आहे तो, तुम्ही दाताळं धरा नीट. दात बरगड्यांत —

बाई मी आहे. मी अजून आत आहे. मी अजून आ