भोंग्याविना उतरलेलं पाणी

ती. नाना आणि आई,

बोट खडकावर कललेली आहे, त्यामुळे नमस्कार आपोआप वाकूनच होतोय. मी बरा आहे. आईला एवढंच वाचून दाखवा.

पुढचं तुमच्यासाठी. सकाळी मालवणच्या अलीकडे, किनाऱ्यापासून लांब, खडकांच्या आडोशाला मी आणि तुषारनं शिडाची बोट नांगरली. पाणी भरपूर होतं. जेवून आडवे झालो. नाना, मी धरणावर शीड शिकलेला माणूस. तुम्ही गेटवर भोंगा वाजवल्याशिवाय पाणी हलत नाही, हे अंगात मुरलेलं. ओहोटी नुसती पुस्तकातून पाठ होती.

जाग आली तेव्हा तळ खडकाला घासत होता. बोट आडवी झाली, तुषारचा पाय मोडला, तळाला चीर गेली. फोन भिजून बंद.

एक मच्छीमार देवासारखा आला, पण होडी इवलीशी. तुषारला तीत निजवलं की दुसऱ्याला जागा नाही. हे पत्र तुषारच्याच खिशात देतोय. मच्छीमार म्हणाला, "वारो पडलो तर परत येतंय." वारा वाढतोच आहे.

द्राक्षाची छाटणी आटोपली का? तुमचा गुडघा कसा आहे? औषध बंद करू नका.

भरती सुरू झाली, नाना. चिरलेली बोट तरंगायची नाही, आणि या वाऱ्यात लाटा खडकांवरूनही जातील. लहानपणी तुमचा भोंगा ऐकला की मी नदीतून पळत वर यायचो. आत्ताही कान तिकडंच लागलेत. पण इथं पळून जायला वर काहीच नाही.

तुमचा,
नवनाथ