एक जूनला जन्मलेले

४ मे १९९२, सोम.
सुट्टीला धुळ्याला आले तर बाबा जेवण सोडून पेटी उपसत बसलेले. जन्माचा पुरावा शोधतायत. साठाव्या वर्षी! ऑफिसातून पत्र आलंय, ३१ मेला सेवानिवृत्त. शिपाई म्हणून कायम होऊन नऊ वर्षं पाच महिने झाले, पेन्शनला दहा लागतात. सात महिने कमी, म्हणून दरमहा काहीच नाही. त्याआधी सोळा वर्षं त्याच ऑफिसच्या दारात रोजंदारीवर उभे होते, ती धरत नाहीत. का धरत नाहीत, तर धरत नाहीत.
आई म्हणाली, "पेटीत काय सापडणार? तुमच्या आईनं कागद तरी पाहिला होता का कधी?"

६ मे
दाखल्यावर जन्मतारीख १ जून १९३२. साफ खोटी. सावद्याकडच्या आमच्या गावात पोरं शाळेत घालायची तर गुरुजी पोराचा हात धरून डोक्यावरून पलीकडच्या कानाला लावून बघायचे. पोचला की सहा पूर्ण. महारवाड्यातल्या पोराचा हात कोण धरणार? बाबा बाहेर ओट्यावर. गुरुजींनी आतूनच पाहिलं, "हा थोराड दिसतो, आठ धरू." झालं. शिवायचं नाही म्हणून माणसाचं वय दोन वर्षांनी वाढवलं.
बाबा हे हसत सांगतात. मला नाही हसू येत.

८ मे, शुक्र.
बाबांच्या ऑफिसातल्या साहेबांकडे जाऊन आले. म्हणे, तारीख बदलायची तर नोकरीत कायम झाल्यापासून पाच वर्षांत अर्ज करायला हवा होता. सांगितलं होतं का कुणी? त्यावर पंख्याकडे बघत बसले. शेवटी म्हणाले, बरोबर शिकलेल्या कुणाचं प्रतिज्ञापत्र आणा, वर पाठवून बघतो.
बरोबर शिकलेले म्हणजे नाना. एकाच गावचे, एकाच वर्गातले (नाना आत, बाबा बाहेर), आता एकाच ऑफिसात. नाना हेडक्लार्क, पहिल्या दिवसापासून कायम. सुटलो!

१० मे, रवि.
कसले सुटतोय.
नानांकडे गेलो. चहा, चिवडा, सगळं आगतस्वागत. नाना स्वतःच म्हणाले, "अगं मंदा, तुझी आजी माझ्या बारशाला अंगण सारवायला आली होती. तेव्हा तुझा बाप सुखदेव कुठला! सव्वा वर्षानं लहान आहे माझ्याहून." मी लगेच पेन पुढे केलं. त्यांनी चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.
मग बाहेर आलं. नानांची दाखल्यावरची तारीख १९३५ची! त्यांच्या वडिलांनी गुरुजींकडे केळीचा घड पाठवला होता, पोराचं वय दोन वर्षं कमी लावा म्हणून. म्हणजे थोरला कागदावर धाकटा, नि धाकटा थोरला. शिपायाला साठ, क्लार्कला अठ्ठावन्न; म्हणजे नाना गेल्याच वर्षी घरी बसायला हवे होते. अजून वर्षभर खुर्चीत आहेत.
"नुसतं बरोबर शिकलो एवढंच लिहा," मी म्हटलं.
"बरोबर शिकलो, नि मी तीन वर्षांनी लहान? पहिली चौकशी माझीच लागेल, पोरी."
प्रतिज्ञापत्राचा कागद ठेवून घेतला. विचार करतो म्हणाले.

११ मे
बाबा नानांचीच बाजू घेतात. "त्यांच्या धाकटीचं लग्न व्हायचंय." आणि आपलं काय व्हायचंय? घरभाडं कशातनं द्यायचं, हे त्यांना विचारलं तर उठून रांजण भरायला गेले. रांजण भरलेलाच होता.

३० मे, शनि.
उद्या रविवार म्हणून निरोप आजच. शाल, नारळ. भाषण नानांचं! "सुखदेव माझा बालमित्र, आम्ही एका शाळेत..." आता सगळ्या ऑफिससमोर बोललात ना बरोबर शिकलो म्हणून, मग सहीला काय झालं? जिन्यात गाठून विचारलं. शर्टाच्या खिशावर हात ठेवून म्हणाले, "इथंच आहे कागद. टाकला नाही मी."
टाकला नाही! उपकारच की.
संध्याकाळी त्यांच्याकडून केळीचा घड आला. मी परत पाठवा म्हणत होते. बाबांनी दोन खाल्ली. "गोड आहेत गं मंदे." या माणसाचं काय करावं?

१५ जून, सोम.
शाळेत हजर (ता. साक्री). बाबाही आलेत सोबत, घरी करमत नाही म्हणून.
पहिलीचे प्रवेश. वरच्या पाड्यावरची एक भिल्ल बाई मुलीला घेऊन आली. कधी झाली विचारलं, तर म्हणाली, "बाजरी काढाले लागनूत ना बाई, तवय व्हयनी. तुम्हीच लिखी ल्या. बठ्ठा पोरेस्नी तीच तारीख शे ना."
सगळ्या पोरांची तीच, म्हणजे १ जून. खरंच, रजिस्टरचं पान उलटलं तर वरपासून खालपर्यंत एक जून. त्यातल्या कितीतरी माझ्याच अक्षरातल्या. आठ वर्षं मी हेच करतेय, आणि साहेबांवर ओरडून आले.
बाबा उठले, मुलीपुढे उकिडवे बसले, तिचा हात धरून डोक्यावरून नेला. बोटं कानाला पोचेनात.
"सहा नाही झाली मंदे."
बाजरीची काढणी म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. तसं लिहिलं तर यंदा प्रवेश नाही, आणि पुढच्या वर्षी ही बाई डोंगर उतरून परत येईलच असं नाही. हेडमास्तर वैतागले. "चारच महिने तर आहेत, बाई! लिहा एक जून."
बाबांचे पेन्शनला सातच कमी होते.
पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. बाजरीचंच. हेडमास्तर म्हणतात, उद्या शाईनं पाहिजे.