दंगल म्हणे!

मंगळवार, संध्याकाळ, दादर

आज वक्तृत्व स्पर्धेत माझ्या वर्गातल्या सानिकाचे गुण कापले. वरळी कोळीवाड्यातली मुलगी. गोऱ्यांच्या ताब्यातल्या एका बेटावर काळ्या रहिवाशांना कारभारात मतच नव्हतं, म्हणून ते उठले, त्यावर बोलली.

परीक्षक म्हणाले, "बाळ, त्याला दंगल म्हणतात."

"सर, ज्यांचं बेट त्यांनी हक्क मागितला, तर दंगल कशी?"

सगळे गप्प. आणि मी, इतिहासाची बाई? मीसुद्धा! दंगल म्हणे! घरी आल्यावर शेवटी मुख्याध्यापिकांना फोन करून भांडले. "बघू," म्हणाल्या. बघू काय?

सानिकाला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, गुण राहू देत. तुम्ही तिथेच बोलायला हवं होतं."