पान उलटण्याचा सूड

५ जून
इंग्रज संगीतकारांच्या गाण्यांची रेकॉर्ड निघणार. कोरस आमचाच, पियानोवर आमचे साडू. शेवटच्या गाण्यातला सोलो मलाच मिळणार. तसं सगळ्यांना सांगूनही ठेवलं.

८ जून
सोलो कोरसमधल्या दातांच्या डॉक्टरला! साडूने कोरस बसवणाऱ्या बाईंचे कान भरले म्हणे, की मी सुराच्या आसपास असतो. आसपास! आणि मला काम काय, तर साडूची पानं उलटायची. पियानोवाल्याचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून शेजारी स्टुलावर एक माणूस बसवतात. तो मी. बायको म्हणाली, माझ्या बहिणीचा नवरा आहे, सांभाळून घ्या. घेतोच. याची जिरवली नाही तर नाव बदलीन.

११ जून
प्लॅन पक्का. ऐन मोक्याला एकदम दोन पानं उलटायची. साडू तोंडघशी. पानं चिकटली होती म्हणायचं, संपलं. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीवर प्रॅक्टिस केली. बायकोने विचारलं, हे काय? बोटांचा व्यायाम म्हटलं.

१४ जून
रिहर्सल. दोन पानं उलटली. गडी डोळे मिटून वाजवतच राहिला! पाठ आहे म्हणे. मग मला कशाला बसवलंस, मेल्या? वर स्वतःच म्हणाला, शेवटचं गाणं मात्र पाठ नाही, तिथे सगळी भिस्त तुमच्यावर. आयताच सापडला.

१९ जून
रेकॉर्डिंग. उशीर झालेला, शेवटच्या गाण्याला एकच टेक मिळणार. डॉक्टर गायला लागला. मी दोन पानं चिमटीत घट्ट धरली. मग कोरस इतक्या हळू आत आला की काय सांगू. एकच पान उलटलं. अगदी वेळेवर. हा डावपेच होता, आधी त्याला गाफील ठेवायचं. पुढचंही वेळेवरच उलटलं. त्याच्या पुढचंही. मग गाणंच संपलं. हॉलमध्ये धूळ फार, डोळ्यांतून सारखं पाणी.

२ ऑगस्ट
मेहुणीकडे सगळ्यांनी रेकॉर्ड ऐकली. कव्हरवर डॉक्टरचं नाव, पियानो ट्यून करणाऱ्याचंसुद्धा. माझं नाही. डोकंच फिरलं. चांगलं सुनावायचं म्हणून साडूला गॅलरीत गाठलं. मी तोंड उघडायच्या आत त्याने मिठीच मारली. म्हणाला, इतकी सुरेख पानं आजवर कोणी उलटली नाहीत, तुम्ही शेजारी आहात हे मला कळलंसुद्धा नाही. पुढच्या रेकॉर्डलाही तुम्हीच हवे.

मी हो म्हणून बसलो. सोलोचं विचारायचं राहूनच गेलं.