नवऱ्याच्या हातचा क्लच

३० मार्च, रविवार
चर्चनंतर नणंद गावच्या रेडिओवर बोलली. उलायुकला माईक दिसला की तिचं तोंड आपोआप उघडतं. म्हणाली, ईस्टरला सगळे तलावावर मासे धरायला निघतील, तेव्हा तिच्या मशीनमागे ओढायच्या स्लेजच्या पेटीत जागा आहे. ज्यांच्याकडे मशीन नाही, वय झालंय, दोन घरं चाललं की धाप लागते, त्यांनी लाजू नये. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.
मी लगेच रेडिओला फोन लावला. सांगितलं, मी काउनाक, स्वतःच्या मशीनवर जाणार आहे. पेटीत जागा उरली तर उलायुकने तिथे आपली जीभ ठेवावी. सगळ्या गावाने ऐकलं.
आता मशीन दुरुस्त करायला हवं.

३१ मार्च
मशीन म्हणजे नवऱ्याची स्नोमोबाइल. तो गेला तेव्हापासून शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. तिला काही झालेलं नाही. फक्त चालत नाही.
जावई जोएली बघून गेला. म्हणाला, इंजिन फिरतंय, पण पुढचा क्लच जाम झालाय. तो शाफ्टवरून काढून साफ केल्याशिवाय पट्टा हलणार नाही. गॅरेजमध्ये ओढून नेऊ, तिथे ऊब आहे, क्लच ओढायचा पुलर आहे, एका दुपारचं काम.
नको म्हटलं. माझं मशीन मेलेल्या सीलसारखं भर रस्त्यातून ओढत नेणार, आणि रस्त्यात उलायुकची खिडकी. शिवाय घरात मेकॅनिक असताना जावयाची मिनतवारी कशाला?
माझ्या नवऱ्यासारखा मेकॅनिक या किनाऱ्यावर झाला नाही. तो गेला त्याच हिवाळ्यात माझ्या लेकीला मुलगा झाला. त्याला त्याचंच नाव दिलं, अक्सायुक. आमच्यात नाव आलं की माणूस आलं. म्हणून नातू माझा नवरा. मी त्यांना अहो म्हणते, ते मला बायको म्हणतात. चोवीस वर्षांचे आहेत. दुकानात डबे लावतात. हातात अजून पाना धरलेला नाही, पण ते नावाबरोबर आत आलेलं असतं. बाहेर यायला निमित्त लागतं.
जोएली त्यांचा बाप खरा, पण नावाने ते जोएलीचे सासरे. जावयाने सासऱ्याला शिकवायचं नसतं. ते लहान असताना जोएली त्यांना गॅरेजात घेऊन जायला निघाला होता, तेव्हाच मी बजावलं होतं.

१ एप्रिल
निश्चय: जोएलीला टोमणे मारायचे नाहीत. घरात शांतता हवी.
दुपारी एक मारला. लहान होता.

४ एप्रिल
अहो आले. बरोबर मिअली. ती त्यांची मैत्रीण, म्हणजे माझी सवत. सवत म्हणून बरी आहे, माणूस म्हणून आळशी. शेडमध्ये येऊन खोक्यावर बसली आणि फोनमध्ये बघून हसत राहिली.
अहो क्लचकडे बराच वेळ बघत होते. कुठून सुरुवात करू म्हणाले. मी म्हटलं, विचार करू नका, हातांना आठवू द्या. हातांना पहार आठवली. त्यांनी पहार क्लचमागे घातली आणि अंगाचा सगळा भार टाकला. क्लचच्या कडेचा टवका उडाला.
तो टवका जादाचाच असणार. मशीनमध्ये पुष्कळ गोष्टी जादाच्या असतात.
जोएली दारात उभा राहून सगळं बघत होता. म्हणाला, सासरेबुवा, हळू. स्वतःच्या पोराला सासरेबुवा म्हणतो आणि वर हसतो. त्याला शेडबंदी केली.

७ एप्रिल
दुकानात उलायुक भेटली. पेटीत माझ्यासाठी रेनडिअरचं कातडं अंथरून ठेवलंय म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या भावाचे हात कामाला लागलेत. ती म्हणाली, माझ्या भावाचे हात मला माहीत आहेत, आणि पिठाची पिशवी उचलून निघून गेली. मत्सर माणसाला आतून खातो. पण हिला खाऊनही काही कमी दिसत नाही.

८ एप्रिल
जोएलीने पुलर आणला आणि माझ्या स्वयंपाकाच्या टेबलावर रोटीशेजारी ठेवला. शेडबंदी आहे, टेबलबंदी नाही म्हणाला. युक्ती सांगून गेला. क्लचच्या मधल्या भोकात काठोकाठ पाणी भरायचं. पुलरच्या आट्यांना टेप गुंडाळायची आणि पुलर पिळत आत न्यायचा. पाण्याला पळायला जागा नाही, म्हणून ते क्लचलाच बाहेर ढकलतं. आणि म्हणाला, हे फक्त गॅरेजात, उबेत करायचं. दोनदा म्हणाला.
हो म्हटलं. जावयाला हो म्हणायला काय जातं.
गॅरेजातलं पाणी काही वेगळं असतं का? तेही पाणी, हेही पाणी.

९ एप्रिल. उणे सत्तावीस.
मोठा दिवस. किटली घेऊन शेडमध्ये गेले. पाणी मी भरलं, टेप मी गुंडाळली, पुलर अहोंनी पिळला. निम्मा आत गेला. क्लच करकरला. मी म्हटलं, ऐकलंत, ओळखलं त्याने तुम्हाला. ते खूश झाले. इतके खूश मी त्यांना या जन्मी पाहिले नव्हते.
तेवढ्यात रेडिओवर बिंगो सुरू झाला. दोन कार्डं काढून ठेवली होती. अहोंनाही भूक लागली होती. म्हटलं, अर्धं झालंय, अर्धं खाऊन करू. क्लच कुठे पळून जातोय?
बिंगो हरले. एका आकड्याने. उलायुक जिंकली.

१० एप्रिल
क्लच कुठे पळाला नाही. पुलरही नाही. आत बर्फ.
जोएलीला कोणी सांगितलं आणि उलायुकपर्यंत कसं गेलं माहीत नाही. लेकीने असेल. दुपारी रेडिओवर हवामान सांगून झालं आणि उलायुकचा आवाज आला. फक्त एवढंच म्हणाली की काउनाक जन्मभर बर्फ वितळवून चहा प्यायली आणि या बुधवारी विसरली की पाणी गोठतं.
मग गाणं लावलं त्यांनी. गाण्याआधी माईकवर हसणं ऐकू आलं.
विसरले नव्हते. बिंगो लांबला.

१२ एप्रिल
प्रायमस पेटवून क्लचखाली ठेवला. बर्फ सुटला, सीटही थोडी जळली. सीट जुनीच होती. तरी पुलर हलेना. अहो म्हणाले, वडिलांना बोलावू. मी म्हटलं, सासऱ्याने जावयापुढे हात पसरायचे? लोक काय म्हणतील? आणि मोठा हातोडा त्यांच्या हातात दिला.
ते म्हणाले नको. मी म्हटलं, अहो, तुम्ही कोण आहात ते विसरू नका.
त्यांनी मारला. पुन्हा मारला. शेवटचा चांगला बसला.
क्लच निघाला.
शाफ्टचं टोक घेऊन निघाला. पण निघाला.

१३ एप्रिल, रविवार
जोएलीला आत घ्यावं लागलं. मी तयारीत होते, हसला तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. हसला नाही. क्लच स्वयंपाकघरात खिडकीशी नेला, आत मोडून राहिलेल्या शाफ्टभोवती नखाने खरवडलं. राखाडी, दगडासारखं काहीतरी. होडीची चीर बुजवायला लावतात तो डिंक. क्लच आणि शाफ्टच्या मध्ये काहीच नसतं म्हणाला, एक थेंब तेलसुद्धा नाही. कोणीतरी क्लच डिंकाने चिकटवून टाकलाय. पुलरच काय, अस्वल लावलं तरी निघाला नसता.
मी म्हटलं, कंपनीतच तसा आला असेल.
जोएली माझ्याकडे बघेना. त्या शेडमध्ये या मशीनला हात लावणारा माणूस एकच होता, हे त्यालाही माहीत, मलाही.
मग अहो उठले. माझ्याशेजारी येऊन बसले.
"बायको," ते म्हणाले, "हा मी चिकटवलाय. मला तेव्हाही जमत नव्हतं. तेव्हाही तुला सांगायची भीती वाटायची."
चहा गार झालाय म्हटलं आणि दुसरा टाकायला गेले.
परत आले तर दोघं शेडमध्ये. जोएली त्यांना पाना कसा धरायचा दाखवत होता. अंगठा कुठे, बोटं कुठे. तीन वर्षांच्या पोराला दाखवावं तसं. अहो मान हलवत होते.
निश्चय: शेडमध्ये जायचं नाही.

१५ एप्रिल
उलायुक विचारायला आली नाही. तिने फक्त खिडकीतून दिसेल असं ते कातडं बाहेर झटकलं.

१७ एप्रिल, गुरुवार. वाटेत, चहासाठी थांबलोय.
पेटीत बसायचं मीच ठरवलं. वारा कमी लागतो. पुढे उलायुकचं मशीन, चालवतायत अहो. भाऊ आहे ना तिचा, म्हणून दिलं. सवत त्यांच्या कमरेला मिठी मारून मागे बसलीय. धूर सगळा पेटीत येतो.
पेटीत मी, तेलाचे डबे, तंबू आणि उलायुक. गुडघ्याला गुडघा लावून. कातड्याचा जाड भाग तिच्याकडे. माझ्या पायांत क्लच. तंबूच्या दोरीला वजन हवं म्हणून अहोंनीच घेतला. प्रत्येक गचक्याला घोट्यावर आदळतो.
निघाल्यापासून उलायुक बोलतेय. भाऊ लहानपणी स्लेजची दोरीसुद्धा तिच्याकडून बांधून घ्यायचा. लग्नानंतर बिघडलेलं मशीन घेऊन रात्रीचा तिच्याकडे यायचा, काउनाकला सांगू नकोस म्हणायचा. शेवटच्या हिवाळ्यात मात्र आला नाही.
मी काही ऐकत नाहीये. मी लिहितेय.
पेन उठेना. शाई गोठली. पेन्सिल मागितली. देताना उलायुक म्हणाली, शाईतही पाणीच असतं, काउनाक.