पाजलेली माती

२ मे
पोचलो एकदाचा! अकोल्याला गाडीतून उतरलो तेव्हा कुणीतरी भट्टीचं दार उघडून मला आत ढकलतंय असं वाटलं. तिथून बाळापूर. दोन्ही बाजूंना नांगरून टाकलेली काळी वावरं, आणि झाडं इतकी किरटी की सावली मागायला संकोच वाटावा. तरी मी खुशीत आहे. सौर प्रकल्पाचा प्रमुख झालोय, पुण्यातल्या साहेबाचं तोंड आता फोनवरच बघायचं. भाड्यानं वरचा मजला मिळाला आहे: दोन खोल्या, गच्ची आणि खिडकीत बसवलेला अवाढव्य लोखंडी कूलर. घरमालक खुशालराव शेतकरी, बोलणं जेमतेम. ती कसर त्यांच्या लीलाबाई भरून काढतात. सामान ठेवायच्या आत विचारलंच, "एकलेच आले? बायको-पोरायले काहून नाई आनलं?" आकांक्षा आणि आमची चार वर्षांची मैना एकोणीस तारखेला येतील असं सांगितलं. मैनाशिवाय घर कसलं! पण तोवर शांतता उपभोगून घेतो.

६ मे
आज इथलं सुप्रसिद्ध 'वावधन' पाहिलं. म्हणजे धुळीचं वादळ. दुपारी पश्चिमेकडून काळी भिंत उठली आणि गल्लीभर पळापळ. लीलाबाई धापा टाकत वर आल्या आणि मला न विचारता माझा कूलर बंद केला. वर तंबी, की वादळ पुरतं बसेपर्यंत पाण्याला हात लावायचा नाही. प्यायचं नाही, तोंड धुवायचं नाही, फरशी पुसायचीही नाही. पंचेचाळीस डिग्रीत! मी घामाने निथळत बसलो.

खरा तमाशा नंतर. घराघरात आलेली धूळ कोरड्या झाडूनं गोळा झाली, टोपल्यात भरली गेली, आणि अख्खी गल्ली ती डोक्यावर घेऊन वावराकडे निघाली. खुशालराव अनवाणी सगळ्यांत पुढे. आपापल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, धूळ रिकामी करून हात जोडायचे. मी लीलाबाईंना कारण विचारलं. म्हणाल्या, "उडालेली माती वाट चुकते, भाऊ. तिले घरी पोचवा लागते. तिले पानी पाजलं का मंग ते तिथंच रायते." मोबाइल हातात असलेली माणसं ही! मी व्हिडिओ काढून आकांक्षाला पाठवला. ती पोट धरून हसली.

१० मे
रविवार. पुन्हा वादळ. या वेळी दाराला कडी लावली आणि कूलर पूर्ण वेगात सोडला. ओल्या गवतातून गाळून येणारी हवा चांगली की बंद खोलीतली, एवढं कळायला पदवी लागत नाही. इथे मात्र लागते. बाहेरून दार बडवण्याचा आवाज आला, मी गाणी लावली. गार पाणी प्यालो. वादळ गेल्यावर फिनेल टाकून फरशी लख्ख पुसली आणि काळं पाणी मोरीत ओतलं. संध्याकाळी जिन्यात लीलाबाई भेटल्या. नेहमीसारख्या बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्या ओल्या हातांकडे बघत राहिल्या. अखेर तोंड बंद झालं म्हणायचं.

१२ मे
लख्ख पुसलेल्या फरशीवर आज काळा पापुद्रा होता. वाळून तडकलेला, बाहेरच्या वावरांत भेगा पडतात अगदी तसा. फिनेलमध्येही भेसळ करतात वाटतं हे लोक. पुन्हा पुसलं.

कूलरच्या टाकीत बोट बुडेल इतका चिखल होता. बादलीभर उपसला आणि मोरीत टाकला.

१३ मे
टाकी पुन्हा भरली. वादळ आलं नव्हतं, वाराही नव्हता. तरी चिखल कालच्यापेक्षा जास्त, आणि हात घातला तर कोमट. तो माझ्या मनगटापर्यंत चढला, की मीच खोल हात घातला? मीच घातला असणार.

१५ मे
तहान भयंकर. माठच्या माठ संपवतो आणि प्यालं की पोट दगडासारखं जड होतं. ओठ फुटलेत. त्या भेगांमध्ये काळं काहीतरी आहे, घासून जात नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी उन्हाचा त्रास सांगितला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. निदान एक तरी शिकलेला माणूस भेटला.

१६ मे
आज खुशालराव स्वतः वर आले. आल्यापासून प्रथमच एवढं बोलले. माझ्या ओठांकडे बघून म्हणाले, मातीनं तुमाले धरलं. आता एकच उपाय, वादळात थेंबभर पाणी घ्यायचं नाही. पाणी मिळालं की ती आत फुगते, वाळली की माणसाला तडकवते. टाकीतला चिखल उन्हात वाळवून माझ्या हातानं धुऱ्यावर नेऊन सोडायचा, अनवाणी. आणि मग हळूच, "पोरीले सध्या बोलावू नोका. लहान जिवाले ते लवकर धरते."

मला खरंच हसू आलं. आकांक्षाला मी काय सांगू? माती धरते म्हणून तिकीट रद्द कर? जो माणूस टोपल्यात धूळ घालून तिच्या पाया पडतो त्याच्या सांगण्यावरून? त्यांना जिन्यापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

दार लावताना खाली घासलं. चौकट फुगली आहे.

१९ मे
आल्या दोघी. मैना माझ्या गळ्यात पडली. किती बडबडली! टाकीतला चिखल बघून तर हरखलीच, खेळायला हवा म्हणाली. तिला ओरडलो. तिचं तोंड एवढंसं झालं. मला आजवर तिच्यावर असं ओरडावं लागलं नव्हतं.

आकांक्षाने ओठांबद्दल विचारलं. ऊन, म्हणालो.

२० मे
मैना सारखी पाणी मागते. तिची टाच पाहिली. भेग आहे. बारीक, काळी.

मी घाबरलोय. हे लिहितानाही लाज वाटते. त्या अडाणी लोकांच्या बोलण्याला मी घाबरलोय.

उद्या दोघींना परत पाठवतो. मिळेल त्या गाडीनं.

२१ मे
टाकीतला चिखल गच्चीवर पसरला होता. वाळत नाही. एवढ्या उन्हात — वाळत नाही.

आकांक्षा तिकिटासाठी खाली बाजारात गेली आहे. पश्चिमेला काळं उठलं.

दार उघडत नाही. फुगलंय. खांद्यानं धडका दिल्या. बाहेरून खुशालराव ओढताहेत, आणि लीलाबाई ओरडताहेत —

"पोरीले पानी देऊ नोका, भाऊ! वावधन जाऊ द्या! थोडी कळ काढा!"

लाइट गेली. मैना माझ्या मांडीवर. जीभ कोरडी पडलीय तिची. बाबा, पाणी. सारखं तेच. बाबा, पाणी.

देणार नाही. कान दाबून बसलोय.

तिचा आवाज निघत नाही आता. नुसते ओठ हलतात.

हिला उष्माघात झाला तर? डॉक्टरांनी सांगितलं होतं भरपूर पाणी. शिकलेला बाप मी, आणि गावंढळांचं ऐकून पोटच्या पोरीला तहानेनं — नाही. मूर्खपणा आहे हा. शुद्ध मूर्खपणा.

अर्धा पेला दिला. घटाघटा प्याली. हसली माझ्याकडे बघून. बघा म्हणावं —

तिचं पोट — दगडासारखं —

मैना, बाळा, तोंड मिट. मिट ना. हे काळं काय येतंय तुझ्या —