सॅन्टनने पारखलेले फुगे

पाचूबंदर, वसई
रविवार, मिस्सा झाल्यावर

प्रिय लुईझा,

त्या सरकारी नर्सबाईला कुणीतरी सांगा गं, नाहीतर एक दिवस मीच तिच्या अंगावर टोपली फेकीन. काल पुन्हा आली. आम्ही बायका वलांडीखाली उभ्या राहून तिच्या बांबूंवर बोंबील वाळत टांगत होतो, सासू माझ्या शेजारी, आणि ही सगळ्यांसमोर ओरडते, मटिल्डाबाई, तुमचे संपले असतील ना, हे घ्या! असं म्हणून कुटुंब नियोजनवाल्या रबरी फुग्यांची माळच्या माळ माझ्या ओटीत टाकली. सासूने मान वळवली ती संध्याकाळपर्यंत सरळ केली नाही. बाकीच्या हसून हसून बोंबील खाली पाडतात. एकजण म्हणते, मटिल्डा, तुझ्या घरात कुणाला एवढे लागतात? दुसरी म्हणते, अगं, हिचा सॅन्टन बोटीवर आगपेट्या बांधतो त्यात. आणि ते खरंच आहे. आमच्या अख्ख्या बंदरात ते फुगे फक्त त्याच कामाला येतात. आगपेटी घाला, विडीचं बंडल घाला, गाठ मारा, लाट आली तरी आतलं कोरडं. सरकारला वाटतंय कोळी सुधारले.

तू शिकलेली, मोठ्या दवाखान्यात नर्स, तुला मी काय सांगू? पण ते घालून माणूस बायकोजवळ कसा येणार, हे त्या बाईला कुणी विचारलंय का? सॅन्टनने दोनदा घातला होता, फेबियन झाल्यावर. म्हणाला, गमबूट घालून पान्यात उतरल्यासारखं वाटतं, पानी थंड का गरम तेच कळत नाय. तो त्याचं बोलला. मला कुणी विचारलं नाही, पण तुला लिहिते. मला सायकलच्या दुकानात झोपल्यासारखं वाटायचं. तोच वास, आणि अंगाला नुसतं घासल्यासारखं. मी भिंतीकडे बघून म्हणायचे, आटप लवकर. मग तो आटपायचा पण नाही, उठून ओट्यावर जायचा विडी ओढायला. पुढे पुढे यायचंच सोडलं त्याने. जाळं दुरुस्त करायचं आहे म्हणून ओट्यावर, उकडतंय म्हणून ओट्यावर, थंडीत पण ओट्यावर.

त्याला पण मी दोष देत नाही. फेबियनच्या वेळेला तू माझ्या उशाशी होतीस, डॉक्टर काय बोलले ते माझ्याआधी तू ऐकलंस. पिशवी जीर्ण झालीय, पुढचं पोर राहिलं तर आईची खात्री नाही. तेव्हाच माझं ऑपरेशन करून टाकायचं होतं, तर म्हणाले रक्त नाही अंगात, सहा महिन्यांनी या. सहा महिन्यांनी कोण जातंय? तेव्हा बोंबलाचा हंगाम होता, मग सासू पडली, मग फादर घरी आले तेव्हा सासूने त्यांच्या कानात घातलं, ते म्हणाले पाप आहे, आणि ऑपरेशन राहूनच गेलं. आणि सॅन्टनला तर ऑपरेशन हा शब्द काढायची सोय नाही. त्या आणीबाणीच्या साली नसबंदीची गाडी वसईत फिरत होती तेव्हा आमच्या आळीतले पुरुष तीन दिवस बोटी घेऊन समुद्रात बसून होते, भात सुद्धा आम्ही होडीने पोचवला. आठ वर्षं होत आली, अजून पांढरी जीप दिसली की हा मागच्या दाराने जातो. तेव्हा राहिलं काय? ओटा आणि भिंत. आमचं लग्न तिथेच वाळत पडलं होतं.

मग तू गावच्या सणाला आलीस. आठवतं ना, वड्या करता करता तू मला चुलीमागे ओढलंस आणि तो चॉकलेटचा डबा पदराखाली दिलास. मी उघडला, वाटलं तुझ्या कॉन्रॅडने परदेशी जहाजावरून पोरांसाठी काहीतरी आणलं असेल. आणि तू म्हणतेस, दिदी, हे परदेशी आहेत, सगळ्यात पातळ बघून आणायला सांगितलं होतं मी त्यांना, कांद्याच्या पापुद्र्यासारखे, घातलेत हे कळत सुद्धा नाही. मी किती शिव्या दिल्या तुला! नवऱ्याला बाजारात पाठवून बहिणीसाठी असला माल आणवतेस म्हणून. आता कॉन्रॅड माझ्या डोळ्यांत बघणार कसा म्हणून. तू हसलीस आणि म्हणालीस, तो पण तेच घालतो, तो काय बघणार. मी डबा तांदळाच्या पिंपात खाली दाबला. वाटलं, विसरून जाईन.

नाही विसरले. उधाण सरलं, भांग लागला, पाण्याची ओढ गेली, तशा बोटी घरी आल्या. जाळी पाण्यात नसली की पुरुषांना काम नसतं, घरात नुसते पायात पाय. त्या भांगाला मी सॅन्टनला डबा दाखवला. त्याने एक काढून उजेडात धरला आणि म्हणाला, यातून तर तुझं तोंड दिसतं, हे काय राखणार? मी म्हटलं, तुला नको असेल तर राहू दे, बांध आगपेटी. आणि मग काय ते तूच समज. एवढंच लिहिते की त्या दिवशी मी भिंतीकडे बघितलं नाही. लुईझा, मी बेचाळीस वर्षांची बाई, पाच पोरं झाली, आणि मला माहीतच नव्हतं की हे असं पण असतं. घाबरायचं नाही, आटप म्हणायचं नाही. तू मला विचारलं होतंस, फरक पडला का, तेव्हा मी तुला उडवून लावलं. पडला. त्याला पडला तसा मला पण पडला.

पुढचे महिने तू आमच्या घरी असायला पाहिजे होतीस. ओट्यावरची गोधडी आत आली. हा माणूस भांगाचे दिवस मोजायला लागला. पहिल्या जाळ्याचा चांगला पापलेट व्यापाऱ्याला न देता घरी आणायला लागला, आणि सासूने विचारलं तर म्हणायचा, दबला होता, गिऱ्हाईक घेत नाही. बाजारातून मी आले की टोपली उतरवायला पुढे. मेरी मला विचारते, आई, पप्पांना काय झालंय, गाणी म्हणतात. मी म्हटलं, तुझ्या लग्नाचा आनंद. फादरांकडे कुमसाराला, पापं कबूल करायला, मात्र जाववेना. रांगेत उभी राहायचे आणि माझा नंबर आला की मागच्या बाईला पुढे करायचे. फादरांना काय सांगणार होते, की फादर, पाप केलं आणि पुढच्या भांगाला परत करणार आहे?

सॅन्टनचं तुला माहीत आहे, कुठली वस्तू तो पारखल्याशिवाय पाण्यात घालत नाही. नवं जाळं असो, दोर असो, बोया असो, आधी स्वतः ताणून बघणार, बुडवून बघणार. त्याच्या बापाची बोट एका कुजक्या दोरापायी गेली, तेव्हापासून तसा आहे. तर फुगे एवढे पातळ, याला काळजी लागली. म्हणाला, मटिल्डा, मजा माझी आणि जीव तुझा, असं नको. आणि भांग लागायच्या दिवशी दुपारी, सासू झोपली की हा मोरीत बसायचा. एकेक फुगा उघडायचा, तोंडाने फुगवायचा, मग पाणी भरून उन्हात धरायचा, कुठे थेंब येतो का बघायचा. नाही आला की फडक्याने पुसून अंगठ्यावर परत गुंडाळायचा, आणि पानात पान ठेवावं तसे डब्यात मांडायचा. मी दारात उभी राहून हसायचे. म्हणायचे, कारखान्यात बसव तुला. तो म्हणायचा, कारखान्यातल्याची बायको नाय मरनार. अगं, मला एवढं कुणी जपलं नव्हतं. आईने सुद्धा नाही.

आता मेरीचं ऐक. लग्न जानेवारीत धरलंय, मुलगा बरा आहे, पोर्टात कामाला. फादरांनी चर्चमध्ये नावं पुकारायला घेतली. मांडवाचं, बँडचं ठरलं. लुगडी घ्यायची राहिलीत, त्यासाठी तुझ्याकडे दादरला यायचं म्हणतेय. सासूचे डोळे गेले तरी कान आणि नाक शाबूत आहेत, दिवसभर मला विचारते, तू जेवली का नाही, पान खायचं का सोडलं. फेबियनला खोकला होता, आता बरा. हे सगळं मी उगाच लिहितेय, मुद्द्यावर यायला हात धजत नाही म्हणून. हे पत्र मला कुणाला सांगून लिहवून घेता आलं असतं तर एवढं लांबलं नसतं. तिसरीपर्यंतची शाळा माझी, एकेक अक्षर जाळ्याच्या गाठीसारखं घालतेय. मेरी सुंदर लिहिते, पण हे मेरीला कसं सांगू?

गणपतीनंतरच्या एका भांगाचं आहे. सकाळी सॅन्टन बोटीकडे गेला आणि मी तो फुगा चुलीत टाकायला घेतला, तर टोकाला फाटलेला. फाटलेला म्हणजे चिरलेला नाही, विरघळल्यासारखा. मी डब्यातला दुसरा काढला, पारखून ठेवलेला. हाताला बुळबुळीत लागला. अंगठा दाबला तर आरपार गेला, भिजलेल्या कागदातून जावा तसा. वास घेतला. खोबरेल. लुईझा, त्याचे हात. दोराने तळवे फाटतात म्हणून तो जेवण झालं की हातांना खोबरेल चोळतो, रोज, लग्नाच्या आधीपासून, त्या हातांतलं तेल साबणाने पण जात नाही. त्याच हातांनी तो फुगे पारखत होता. इंजिनच्या रबरी नळीला तेल लागलं तर खलाशाला शिव्या घालणारा माणूस हा, नळी सडते म्हणून. पण खोबरेल म्हणजे तेल हे त्याच्या डोक्यात आलंच नसणार, माझ्या पण नाही आलं. आपल्या घरात ते औषध. बाळाच्या टाळूला तेच, बाळंतिणीला तेच. तो जाडा सरकारी फुगा असता तर टिकला असता का गं? का तो पण गेला असता? मला हे कळायला पाहिजे, मला दुसरं काही सुचत नाही, हेच विचारत बसते.

पाळी त्या महिन्यात आली नाही. ह्या महिन्यात पण नाही. मी मनाला सांगितलं, बेचाळीस झाली, जात असेल आता, शेजारच्या लुगडीवालीची पण अशीच गेली. पंधरा दिवस तेच सांगत होते. मग परवा वलांडीखाली उभी होते आणि मला बोंबलाचा वास आला. तू कोळ्याची पोर आहेस, तुला कळेल मी काय लिहितेय. जन्मापासून मासळीत आहे, आपल्याला मासळीचा वास येत नाही. मला तो याआधी आयुष्यात पाच वेळा आलाय, आणि पाचही पोरं आज घरात आहेत. मी टोपलीच्या आड जाऊन ओकले आणि सासूला सांगितलं ऊन लागलं. ती नर्सबाई फुगे घेऊन आली तेव्हा मी ते ओटीत धरून उभी होते आणि मला हसू का रडू तेच कळेना.

सॅन्टनला काही माहीत नाही, मधल्या भांगांना अंग दुखतंय म्हणून मी त्याला डबा काढूच दिला नाही. मी सांगितलं की पोर राहिलंय, तर तो विचारणार कसं. कसं ते सांगितलं तर तो ते हात घेऊन कुठे जाईल? आणि नाही सांगितलं तर येता सोडून पुढच्या बुधवारी भांग लागतो, तो घरी येणार, दुपारी मोरीत बसणार आणि उरलेले फुगे पारखायला घेणार. मी डबा फेकून द्यायला दोनदा खाडीवर गेले आणि दोनदा परत आणला. तुमच्या दवाखान्यात पोर काढतात, कायद्याने काढतात, तू मागे बोललीस. मी असं पत्र तुला लिहीन असं कधी वाटलं नव्हतं, आणि मेले तर मेरीच्या लग्नात कोण उभं राहील हे पण सुचत नाही, आणि देवासमोर काय सांगू ते तर नाहीच नाही. तू सांगशील ते मी करीन. आजवर मी तुला सांगत आले, आता तू सांग. साध्या कार्डावर लिही, पाकिटाने संशय येईल; कार्ड पोस्टमन वाचतो, सासूला वाचून दाखवतो. मी तुमच्या दवाखान्यात यायचं असेल तर लिही, लुगडी बघायला ये. मी यायचं नसेल तर लिही, लुगडी तिकडेच घे. दुसरं एक अक्षर नको. पण लिही. त्याच्या आदल्या मंगळवारच्या टपालात तुझं कार्ड मला पाहिजे, बुधवारी तो येतोय.

तुझीच, तुला कडेवर घेऊन बंदरावर हिंडवलेली,
मटिल्डा